ह्यांचा दुसरा बाप्तिस्मा

५ नोव्हेंबर, रविवार

देवळातली आमची शेवटची उपासना आज झाली. आमची म्हणजे आम्हा जुन्या लोकांची. पुढच्या रविवारी त्याच छपराखाली दुसऱ्या मंडळीचे लोक बसणार. नागपूरच्या ट्रस्टने देऊळ त्यांच्या नावे करून दिलं. छप्पर गळतंय, दुरुस्त करणं आमच्या आवाक्यात नाही, घरं मोजकी उरली, तरुण पोरं पुण्या-मुंबईला गेली, पाळकसाहेब निवृत्त होऊन नागपूरला मुलाकडे चालले. सगळं खरं आहे. पटतं पण. तरी आपल्या घरात दुसऱ्याची चूल पेटणार म्हटलं की जिवाला लागतंच.

मिशनच्या साहेबांनी बांधलेलं काळ्या दगडाचं देऊळ. अकोल्यात रिक्षावाल्याला 'दगडी चर्च' म्हटलं की पत्ता सांगावा लागत नाही. माझा बाप्तिस्मा इथला, ह्यांचाही इथलाच. आईच्या कडेवर असताना पाळकांनी दगडी कुंडीतलं पाणी ह्यांच्या कपाळाला लावलं. लग्न इथेच. आणि आमची रूथ. चार वर्षांची होती, काविळीने गेली. तिला वेदीपुढे छोट्या मेजावर ठेवलं होतं, पांढऱ्या फ्रॉकमध्ये. आमच्यात माणूस गेला की त्याला एकदा देवळात आणतात. वेदीपुढे ठेवायचं, गीत म्हणायचं, पाळकांनी प्रार्थना करायची, मग कबरस्तानात न्यायचं. माझे सासू-सासरे, माझे आईवडील, सगळे तिथूनच गेले.

उपासना संपून सगळे बाहेर आले, हे मात्र बाकावरून हलेनात. दम्याचा माणूस, मला वाटलं श्वास लागला. जवळ गेले तर म्हणाले, "वच्छला, मले अथूनच न्याचं. रूथले जथी ठेवलं होतं तथीच मले ठेवजा. मंग काय कराचं ते करा."

मी म्हटलं, "नेऊ ना बाप्पा. आता त उठा, लोकं कुलूप लावाले थांबले."

हसण्यावारी नेलं मी. पण मनातून शब्द दिला. आणि शब्द दिला की मी तो पाळते, हे ह्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

९ नोव्हेंबर, गुरुवार

नवे लोक ट्रक घेऊन आले. मी कुंपणाबाहेर उभी राहून पाहिलं. सागवानी बाक एकेक करून बाहेर निघाले आणि निंबाखाली ढिगाने पडले. आमचा बाक मी पाठीवरच्या चिरेवरून ओळखला. आत प्लास्टिकच्या खुर्च्या गेल्या, मग मोठाले स्पीकर, मग ढोल. ह्या नव्या लोकांना मी 'टाळीवाले' म्हणते. गाताना टाळ्या वाजवतात, हात वर करतात, रडतात. आमच्या देवळात कुणी मोठ्याने खोकलं तरी चार माना वळायच्या.

त्यांचा पास्टर गजेंद्र, परतवाड्याचा. आमच्या मुलापेक्षा, अमोलपेक्षाही लहान असेल. मला पाहून स्वतः बाहेर आला, पाया पडला, म्हणाला, "आई, आत या न. हे तुमचंच घर हाय."

माझं आहे तर बाक निंबाखाली कशाला, हे तोंडावर आलं होतं. गिळलं. पोरगा वाईट नाही. तोंडावर हसू आहे आणि ते ओढूनताणून आणलेलं नाही.

घरी येऊन ह्यांना बाकाचं सांगितलं नाही.

१९ नोव्हेंबर, रविवार

अमोल अमरावतीहून आला होता. तिथल्या कॉलेजात लॅबमध्ये आहे, रविवारीच मोकळा असतो. ट्रस्टने आम्हा उरलेल्यांना नावं अमरावतीच्या मंडळीत घालायला सांगितली आहेत. अमोल म्हणतो, तेच करू.

"आई, बाबाचं जवा काही होईन तवा अमरावतीचे पाळक येतीन. घरूनच प्रार्थना करतीन. काय बिघडते?"

ह्याला काय बिघडतं ते सांगून कळणार नाही. रूथ गेली तेव्हा हा पोटात होता.

मी म्हटलं, "तुह्या बाबानं मले सांगतलं हाय. अथूनच न्याचं."

"बाबा त काहीबी बोलते."

हे खाटेवर पडून ऐकत होते.  ह्यांनी उभा जन्म एसटीत कंडक्टरकी केली, अकोला–दर्यापूर गाडीवर. कुणी एक शब्द बोललं की हे दोन ऐकवायचे. आता वाद घालायला दम पुरत नाही.

२८ नोव्हेंबर, मंगळवार

अवकाळी पावसाने थंडी एकदम वाढली. ह्यांची छाती वाजते. डॉक्टरांनी औषध बदललं, वाफ घ्यायला सांगितली, गार वाऱ्यात नेऊ नका म्हणाले. "फुप्फुसं आता जेमतेम आहेत, काकू, जपा," असं मला बाजूला घेऊन म्हणाले.

म्हणजे दिवस थोडे आहेत. हे न लिहून ते वाढणार नाहीत. उद्या पास्टरकडे जाते.

२९ नोव्हेंबर, बुधवार

गेले. देवळात पाय ठेवला आणि वेदी दिसेना. तिथे प्लायवूडचा उंच मंच केलाय, लाल गालिचा घातलाय, ढोल तिथेच मांडलेत. दगडी कुंडी दाराबाहेर. तिच्यात कुणीतरी तुळशीसारखं काही लावलंय. पास्टर म्हणाला, "सब्जा हाय, आई. उगवला आपोआप."

मी सरळ विषयाला हात घातला. म्हटलं, आमचे हे, खुशालराव, इथल्या मंडळीतले जुने वडील आहेत, पंचांत होते, ह्या देवळाची घंटा त्यांनी किती वर्षं वाजवली. त्यांचं शेवटचं सगळं ह्याच देवळाने करावं.

तो म्हणाला, "काहून नाई, आई? पण बाबा आमच्या मंडळीचे सदस्य पाह्यजे. तसा नियम हाय आमचा. अन् सदस्य व्हाले पाण्याचा बाप्तिस्मा लागते."

"त्यायचा झाला हाय. अथीच झाला."

"तो कपाळाले पाणी लावलेला न, आई? आमी पाण्यात पूर्ण उतरवतो. आपल्या समजेनं, आपल्या तोंडानं कबूल करून. येशू नाई का नदीत उतरला?"

मी विचारलं, "अन् मंग? मंग शेवटचं सगळं तुमी करसान?"

"शेवटपर्यंत आमी सोबत हाव, आई. बाबा एकदा सदस्य झाले की आमच्याच घरचे."

चला, मार्ग निघाला. पाणीच तर आहे. कपाळाला लागलं काय आणि अंगाला लागलं काय.

१४ डिसेंबर, गुरुवार

टाळीवाल्यांमधली माणिकबाई वारली, भाजी विकायची ती. मी रेल्वेपलीकडे बाजाराला गेले होते, तिथे त्यांची माणसं गात गात जाताना दिसली. गाडी थेट कबरस्तानाकडे वळली, देवळाच्या रस्त्याला गेलीच नाही. नवल वाटलं. मग लक्षात आलं, तिचं घर पार तिकडे रेल्वेच्या पलीकडे, कबरस्तान तिथून जवळ. एवढ्या ट्रॅफिकमध्ये कशाला कोण उलटं येईल. शिवाय मंच नुकताच केलाय, आत सामान पडलेलं असेल.

ह्यांनी आज दोन घास जास्त खाल्ले.

२५ डिसेंबर, नाताळ

आयुष्यातला पहिला नाताळ देवळाबाहेरचा. अमोल आणि सूनबाई रागिणी आले होते. करंज्या केल्या. ह्यांनी सकाळी चहा झाल्यावर नेहमीसारखं रूथच्या फोटोपुढे उभं राहून तिला नाताळ सांगितला. रोज काहीतरी सांगतात तिला. भाव काय झाला, कोण भेटलं, आई कशी रागावली. रागिणीला पहिल्यांदा पाहून भीती वाटली होती, आता ती पण "रूथताईंना माझाही नमस्कार सांगा, बाबा" म्हणते.

जेवताना मी पास्टरचं बोलणं काढलं. अमोलच्या हातातला घास तसाच राहिला.

"आई, बाबाच्या छातीत कफ भरून राहिला अन् तू त्यायले पाण्यात उतरवून राहिली?"

"आता नाई. जानेवारीत. ऊन पाहून. कोमट पाणी टाकाले सांगते."

"बाबा, तुमाले पाह्यजे का हे?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "तुह्या मायले पाह्यजे."

चेष्टेचा स्वभाव आहे, जाणार कुठे. मी पण म्हटलं, "हो, मलेच पाह्यजे, तुमाले काहीच नको." सगळे हसले. अमोल सोडून.

७ जानेवारी, रविवार

पास्टर घरी आला, ह्यांना शिकवण द्यायला. बाप्तिस्मा घेणाऱ्याला आधी समजावून सांगावं लागतं, नुसतं पाण्यात बुडवून चालत नाही. बायबल उघडून बसला. बोलतो छान. लहान बाळाला काय समजतं, त्याच्या वतीने दुसऱ्याने कबूल केलं ते खरं कसं, कपाळाला लावलेलं पाणी म्हणजे आशीर्वाद, बाप्तिस्मा नव्हे, असं सगळं.

हे ऐकत होते. मग विचारलं, "पास्टर, मंग आमच्या पोट्टीचं काय?"

"कोनती पोट्टी, बाबा?"

ह्यांनी फोटोकडे बोट केलं. "तिले त कपाळालेच पाणी लावलं होतं. म्याच धरली होती तिले, कुंडीपाशी. हसली होती पाणी लागल्यावर."

पास्टर म्हणाला, "लहान लेकरं देवाच्या दयेत असतात, बाबा. काळजी नका करू."

"थे नाई इचारलं मी. तिचा बाप्तिस्मा झाला का नाई झाला, एवढं सांगा."

पास्टर म्हणाला, "वचनाप्रमाणं पाह्यलं त नाई, बाबा. पण..."

मी चहा ठेवायला आत गेले. उगाच शब्दाला शब्द. कंडक्टरची खोड, सुट्ट्या पैशांवरून जसे घोळ घालायचे तसंच. परत आले तेव्हा विषय बदलला होता आणि पास्टर प्रार्थना करत होता.

संध्याकाळी म्हणाले, "वच्छला, राहू दे ते देऊळ. घरूनच न्या मले. रूथच्या बाजूले माती देल्ली की झालं."

मला भरून आलं. माझी ओढाताण बघवत नाही म्हणून बोलतात. आयुष्यभर असंच केलं ह्यांनी, स्वतःला हवं ते मागायचं आणि मला त्रास दिसला की माघार घ्यायची. ह्या वेळी मी माघार घेऊ देणार नाही.

१६ जानेवारी, मंगळवार

अमोलचा फोन. भांडण. म्हणाला, तुला बाबा पाह्यजे का देऊळ पाह्यजे? मी फोन ठेवला. एवढं शिकून बोलायची रीत नाही.

ह्यांना ताप नाही. खोकला आहे, पण तो आता घरातलाच झालाय.

२१ जानेवारी, रविवार

झालं. एकदाचं झालं.

देवळामागे नव्या लोकांनी सिमेंटचा हौद बांधलाय, वर उघडा. सकाळपासून ऊन पडलंच नाही. ढग आणि वारा. मी पास्टरला म्हटलं, पुढच्या रविवारी करू का. तो म्हणाला, "तुमी म्हणसान तसं, आई. पण पुढचे दोन रविवार मी परतवाड्याले हाव." दोन रविवार म्हणजे पंधरा दिवस, आणि डॉक्टरांचं बोलणं माझ्या कानात. मी म्हटलं, आजच. बायांनी गरम पाण्याच्या बादल्या आणून ओतल्या, पण एवढ्या हौदात त्या कुठल्या पुरतात. हात घालून पाहिला, गारच.

ह्यांना पांढरा सदरा-पायजमा दिला. दोघांनी धरून पायऱ्या उतरवल्या. पाणी कमरेला आलं तशी ह्यांची बोटं निळसर दिसायला लागली. पास्टरने सगळ्यांसमोर विचारलं, येशू तुमचा तारणारा आहे हे मानता का. हे म्हणाले, हाव. मग विचारलं, "लहानपणी पाणी लावलं होतं तो बाप्तिस्मा नव्हता, हे आज तुमच्या तोंडानं कबूल करता का?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काठावर टॉवेल धरून उभी होते. मी डोळ्यांनीच म्हटलं, म्हणा ना. एवढ्यासाठी अडू नका.

"हाव," म्हणाले.

"जोरात, बाबा. सगळ्यांना ऐकू येऊ द्या."

"हाव."

मग बुडवलं. क्षणभरच. वर आले तेव्हा तोंड उघडं होतं आणि श्वास आत जाईना. लोकांनी टाळ्या वाजवल्या, ढोल वाजला. मी धावत टॉवेल गुंडाळला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसलं तरी वाहतच होतं. हौदातलंच असणार.

घरी आणून शेगडी पेटवली, दोन गोधड्या घातल्या. पास्टरने प्रेमाने त्यांच्या मंडळीच्या यादीत नाव घातलं. आता कुणी काही म्हणू शकत नाही. मी दिलेला शब्द पाळला.

२५ जानेवारी, गुरुवार

हे फार शांत झालेत. आदळआपट नाही, मीठ कमी म्हणून कुरकुर नाही. दिलं ते खातात, नाही तर ठेवून देतात. टाळीवाले म्हणतात की पाण्यातून वर आलं की माणूस बदलतो. मला हसू यायचं. पण खरंच बदललेत.

सकाळी चहा झाल्यावर खुर्ची पलीकडच्या भिंतीकडे वळवून घेतात. रूथच्या फोटोच्या बाजूने खिडकी आहे, ऊन डोळ्यांवर येत असेल. मी फोटोवरची धूळ पुसली, म्हटलं, "आज काही सांगत नाई का तुमी तिले?" म्हणाले, "काय तोंडानं सांगू?" खोकल्याने आवाज पार बसलाय. आल्याचा काढा केला.

३० जानेवारी, मंगळवार

ताप चढला. रागिणी रजा घेऊन आली, अमोल रात्रीपर्यंत येतो. दवाखान्यात हलवलं. डॉक्टरांनी छाती तपासली आणि विचारलं, "काकू, ह्यांना गारठा कुठे लागला?"

मी म्हटलं, आंघोळ केली होती.

रागिणीने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. देवा, मी खोटं नाही बोलले.

३ फेब्रुवारी, शनिवार

ऑक्सिजन लावलाय. दुपारी मुखवटा बाजूला करून मला जवळ बोलावलं. म्हणाले, "वच्छला, माह्यी पोट्टी मले ओळखन का आता?"

मी म्हटलं, "काहून नाई ओळखणार? बाप होय तुमी तिचे."

मान हलवली, नाही अशी. दाढीचे खुंट वाढलेत, गाल बसलेत, त्याचंच मनाला लावून घेतलं असेल. पहिल्यापासून दाढीबद्दल काटेकोर माणूस, पहाटेच्या गाडीवर असले तरी गुळगुळीत. अमोलला सांगितलं, उद्या न्हावी बोलाव. त्याने स्वतःच केली, फार हळू हाताने. मग मी आरसा दाखवला. ह्यांनी डोळे मिटून घेतले.

मी हात धरून बसले. हात अजून तोच आहे, तिकिटं फाडून अंगठा चपटा झालेला. मला हे हवे आहेत. कुठलंही देऊळ नको, काही नको, हे घरी यावेत एवढंच मागितलं प्रभूकडे. उशिरा मागितलं की काय, कळत नाही.

५ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी गेले. मी चहा प्यायला खाली गेले होते.

पास्टर गजेंद्रला फोन केला. म्हणाला, "आई, तुमी फक्त धीर धरा. सगळं आमी करतो."

८ फेब्रुवारी, गुरुवार

परवाचं लिहिते. न लिहिता झोप लागेना.

टाळीवाले घरी आले. गायले, प्रार्थना केली, बायांनी मला धरून ठेवलं. पेटी चांगली होती. ह्यांच्या अंगात मी कोट घालायला लावला, देवळात घालायचे तो. घरातली प्रार्थना लांबली तेव्हा मला वाटलं, इथेच एवढी, तर देवळात किती करतील. पेटी गाडीत ठेवली, मी पेटीशेजारी बसले. बाकी बाया मागच्या जीपमध्ये, पुरुष मोटारसायकलींवर, अमोल पुढे ड्रायव्हरजवळ. पडद्यामुळे आम्ही एकमेकांना दिसत नव्हतो.

गाडी देवळाच्या रस्त्याला लागली. कबरस्तान पुढे त्याच रस्त्याला आहे. देवळाचं फाटक आलं आणि गाडी थांबेना. मी पत्रा बडवला. ड्रायव्हरने ब्रेक मारला. मी खाली उतरले, म्हटलं, "फाटक उघडा. पेटी आत घ्या."

पास्टरने मोटारसायकल बाजूला लावली, जवळ आला. म्हणाला, "आत कायले, आई?"

"कायले म्हणजे? वेदीपुढे ठेवाचं त्यायले."

त्याला खरंच कळलं नव्हतं. त्याच्या तोंडावरून दिसत होतं. म्हणाला, "आई, आमच्यात प्रेत आत नेत नाई. आराधनेची जागा हाय ती, जित्या माणसाईची. आमचं सगळं घरूनच असते. घरी केलं न आता."

"मी इचारलं होतं तुमाले. शेवटचं सगळं करसान म्हणून."

"करून राहिलो न, आई. आत न्याचं तुमी कवाच बोलल्या नाई."

बोलले नव्हते. खरं आहे. आमच्यात ते कुणी बोलत नाही. मेलेलं माणूस देवळात नेतात हे आमच्यात सांगायची गोष्टच नाही. देऊळ म्हटलं की ते त्यात आलंच. मला स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं की ख्रिस्ती माणसं असतील आणि त्यांच्यात ते नसेल.

मी म्हटलं, "मंग पाण्यात काहून उतरवलं त्यायले?"

"तारणासाठी, आई," तो म्हणाला. मग अगदी हळू, मला दुखवायचं नाही अशा आवाजात म्हणाला, "तुमी कायच्यासाठी आणलं होतं त्यायले?"

मागे गाड्या तुंबल्या होत्या, ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. पास्टर ट्रकवाल्याला हात करायला मागे वळला.  मी फाटक ढकललं आणि एकटीच आत गेले.

आत कुणी नव्हतं. मंचाजवळ गेले. रूथचं मेज कुठे होतं ते शोधायला लागले. वेदीच्या पायरीपासून दोन हातांवर होतं, पण पायरीच दिसेना, सगळं प्लायवूडखाली गेलेलं. खिडक्यांवरून अंदाज घेतला, खांबावरून घेतला, दर वेळी जागा वेगळीच निघे. शेवटी ढोलाच्या बाजूला उभी राहिले आणि म्हटलं, इथेच असेल. डोळे मिटले. ह्यांना मनातल्या मनात तिथे ठेवलं. गीत आठवेना. किती वेळ उभी होते कोण जाणे. बाहेर हॉर्न वाजायचे थांबले, तेवढं कळलं.

बाहेर आले तर रस्ता मोकळा. गाडी नाही, जीप नाही, कुणी नाही. फोन घरी राहिलेला. रिक्षा मिळता मिळेना, मिळाली ती रिक्षावाल्याने भलत्या कबरस्तानाकडे वळवली, परत फिरवावी लागली.

पोचले तेव्हा फावड्यांचा आवाज येत होता. रूथच्या बाजूचा खड्डा निम्मा बुजला होता.

गाडीतल्यांना आणि पास्टरला वाटलं मी जीपमध्ये चढले. जीपमधल्या बायांना वाटलं मी पेटीजवळ आहे. कबरस्तानात कळलं तेव्हा त्यांनी दोन पोरांना मोटारसायकलवर घरी पाठवलं, मी घरी परतले असेन म्हणून. आत न्यायचं नाही हे फाटकातच सांगून झालं होतं, त्यामुळे देवळात जाऊन पाहावं हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. बराच वेळ थांबले. मग उन्हं उतरली आणि खड्डेवाले घाई करायला लागले. पेटीचं झाकण शेवटचं उघडतात, घरच्यांनी तोंड पाहावं म्हणून. तेही होऊन गेलं होतं.

अमोल हातपाय मातीने भरलेला, तसाच माझ्यापर्यंत आला. घसा बसलेला. म्हणाला, "आई, कुठी होती तू? झाकण उघडलं तवा किती आवाज देल्ले तुले."

मी म्हटलं, "देवळात."

त्याने खाली वाकून माती उचलली, माझ्या हातात दिली आणि दुसरीकडे पाहत उभा राहिला.